खाकी म्हणजे कुठली माती?

नगर जिल्ह्यात पाऊस मोजायला सरकारनं एक माणूस नेमला होता. बिचाऱ्याला वर्षातून बोटांवर मोजण्याइतके दिवस काम पडे. उरलेले दिवस तो पाऊस मोजायच्या पितळी नळकांड्यात तपकीर ठेवी. धूळ मोजायला मात्र सरकारकडं कुणी नव्हतं, आणि आमच्याकडं बारमाही पिकत होती ती धूळच. ते काम आमचे मास्तर करीत. पगार नाही, हुद्दा नाही, हुकूम नाही, तरी सकाळी दुकानाची फळी काढली की उंबऱ्यावर अंगठा घासत, तो नाकाशी नेत आणि सांगत, "आज वारं पारनेरचं हाय." मी एकदा पारनेरला कार्ड टाकून खात्री करून घेतली. उत्तर आलं की त्या दिवशी तिथं वारा असा सुटला होता की निम्मं गाव नगरच्या दिशेनं निघून गेलं. यात कुणाला अतिशयोक्ती वाटली तर ती कार्ड पाठवणाऱ्याची, माझी नव्हे.

मास्तर म्हणजे शिंपीकामातले मास्तर. छावणीच्या बाजारात त्यांचं दुकान, मागं अंगण, अंगणाच्या कडेला रंगाच्या कढया आणि वर एक खोली. दुसरी मोठी लढाई ऐन भरात असताना मी नगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आलो आणि ती खोली भाड्यानं घेतली. त्यामुळं एका दारात दोन मास्तर झाले. बाजारानं 'खालचे मास्तर' आणि 'वरचे मास्तर' अशी वाटणी करून टाकली. खालच्यांकडं पलटणीचे सुभेदार यायचे, वरच्याकडं नापास पोरांचे बाप. ते मला गुरुजी म्हणत, मी त्यांना मास्तर म्हणे, आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आलं की शिकवणी कुणाची कुणाकडं लागली आहे.

अंगानं ते शिंप्याच्या गजासारखे होते: सरळ, बारीक, आणि जागोजागी खुणा पडलेले. गळ्यात फीत. ती ते झोपतानाही काढत नसत, असं त्यांच्या घरातून कळलं. टोपीत सात सुया, सातही ओवलेल्या. त्यांच्या वयाचे लोक दाढीला मेंदी लावत. मास्तरांच्या दाढीला नगरच्या हवेनंच रंग दिला होता आणि तो कुठल्याही मेंदीपेक्षा पक्का होता. हाताखाली चौदा कारागीर. मशीनला ते 'मिशन' म्हणत आणि चौदाही मिशनी एकदम सुरू झाल्या की वरच्या खोलीत माझा चहा कपातून बशीत आपोआप ओतला जाई. मला फक्त प्यायचं काम उरे.

खाकीशिवाय दुसऱ्या कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांचा पण. मी कारण विचारलं, तर माझ्या पांढऱ्या धोतराकडं दयेनं बघून म्हणाले, "पांढऱ्याला डाग लागतो, काळ्यावर धूळ दिसते. खाकीला कायबी लागत न्हाई गुरुजी. तिला सगळं आधीच लागलेलं असतं."

दुकानाच्या आतल्या भिंतीला एक फळी होती आणि तिच्यावर अत्तराच्या रिकाम्या बाटल्या. रिकाम्या म्हणजे अत्तराच्या रिकाम्या. भरलेल्या होत्या धुळीनं. एकेका बाटलीत एकेका गावची धूळ. संगमनेरची नदीकाठची मऊ, राहुरीची काळी, पाथर्डीची खरखरीत, जामखेडची भुरकी. एकीवरही चिठ्ठी नाही. मला हे थोतांड वाटलं. मी तेव्हा तरुण होतो आणि इंग्रजी शिकवत होतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी अविश्वासू. एका शुक्रवारी मास्तर नमाजाला गेले असताना मी गुपचूप राहुरीची बाटली संगमनेरच्या जागी आणि संगमनेरची राहुरीच्या जागी ठेवली. मास्तर परत आले, उंबऱ्यावर थांबले, एक शिंक दिली आणि आत न येताच म्हणाले, "राहुरीला प्रवरा कुनी ओलांडून दिली?" त्या दिवसापासून मी त्या फळीला पाठ दाखवून बसलो नाही.

त्यांच्याकडं कपडे शिवायला जायचं म्हणजे छाती लागायची. माप घेण्याआधी ते गिऱ्हाईकाची कॉलर हुंगत आणि तो कुठून, कुठल्या रस्त्यानं, कशात बसून आला ते सांगत. कचेरीतले एक भाऊसाहेब बायकोला घेऊन आले. सरकारी कामाला संगमनेरला गेलो होतो, असं त्यांनी कुणी विचारलं नसताना सांगितलं. मास्तरांनी कोटाचा घोळ दोन बोटांत चोळला आणि निरागसपणे म्हणाले की ही धूळ तंबूतली आहे, पायात चाळ बांधून कुणी नाचल्याशिवाय ती इतकी बारीक दळली जात नाही. त्यानंतर भाऊसाहेब आयुष्यभर उघड्या टांग्यात बसले नाहीत.

देवळाली प्रवरेची गोष्ट मी ऐकली तेव्हा हसून सोडून दिली होती. तिथल्या एका ऊसवाल्याच्या पोरानं लग्नासाठी मास्तरांकडून कोट शिवून घेतला. मास्तरांनी अट घातली की कोट खाकीच होईल, पण तुझ्याच मळ्यातल्या मातीचा. लग्न मळ्यात होतं. संध्याकाळी वरात निघाली तर वऱ्हाडाला घोडा दिसला, मुंडावळ्या दिसल्या, मधला नवरा दिसेना. पोरीच्या मामानं, "पोरगं पळालं," म्हणून बोंब ठोकली. नवरा घोड्यावरून ओरडून ओरडून थकला की मी इथं आहे. शेवटी त्याच्या अंगावर भंडारा उधळला तेव्हा कुठं अक्षता टाकायला जागा सापडली. मी हसलो. मास्तर हसले नाहीत. कामातल्या गोष्टीवर ते कधी हसत नसत.

आता माझ्या हातून झालेल्या उपद्व्यापाकडं येतो.

एक दिवस मास्तरांनी मला विचारलं की गोरे साहेबसुद्धा खाकीला खाकीच म्हणतात, तर त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ काय? शाळेत इंग्रजीचा एक जाडजूड कोश होता. तो उचलायला दोन शिपाई लागत आणि उघडायला मुख्याध्यापकांची परवानगी. मी तो टांग्यात घालून घरी आणला. घोड्यानं वाटेत दोनदा मागं वळून बघितलं. कारागिरांनी मिशनी थांबवल्या. मी वाचलं आणि मराठी करून सांगितलं: खाकी, म्हणजे धुळीच्या रंगाचं, शब्द हिंदुस्थानी, मूळ फारसी, खाक म्हणजे धूळ, माती.

मास्तरांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. साहेबाच्या पुस्तकात साहेबानं स्वतः लिहिलंय, हे तीनदा विचारून घेतलं. मग मला माहीत होतं तेवढं मीही सांगून टाकलं. पूर्वी गोऱ्यांच्या पलटणी लाल नाहीतर पांढरे कपडे घालून लढत आणि लांबून टिपल्या जात. वायव्येकडच्या डोंगरांत कुणीतरी शहाणपण केलं, पांढरे सदरे चिखलात, चहाच्या पाण्यात, मिळेल त्यात बुडवले आणि तिथल्या लोकांचा शब्द त्या रंगाला चिकटला. पुढं तो रंगाचा शब्द कापडाचा झाला, कापडाचा वर्दीचा झाला, आणि आता तर साहेब 'खाकीत गेला' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ फौजेत गेला असा होतो.

"म्हंजी आधी माती," मास्तर हळूच म्हणाले, "मग कापड, मग मानूस. अल्लानंबी जवळजवळ त्याच वळणानं केलंय."

मग मास्तरांनी एक प्रश्न टाकला, जो पुढं तीन वर्षं माझ्या उशाखाली खड्यासारखा टोचत राहिला. इंग्रजांच्या भाषेत धुळीला स्वतःचा शब्द नाही का? मी म्हणालो, आहे, 'डस्ट'. मग त्यांनी आपल्या कपड्याला तो का दिला नाही? घरात शब्द असताना दुसऱ्याच्या दारात का गेले? मी मास्तरकीला शोभेल असं उत्तर दिलं, की उद्या बघून सांगतो.

उद्या उजाडायच्या आत अंगणातल्या कढयांखाली जाळ लागला होता.

झालं होतं असं. लष्कराकडून तीनशे सदऱ्यांचं कापड गिरणीतूनच रंगून आलं होतं. मास्तरांचं काम फक्त कापायचं आणि शिवायचं. पण कोशातला अर्थ कळल्यावर त्यांनी तो तागा उजेडात धरला, हुंगला, जिभेला लावला आणि निकाल दिला की हा रंग मुगाच्या डाळीचा आहे, धुळीचा नाही. "ही कुठल्याच गावची न्हाई. बेवारस हाय." आणि त्यांनी बाभळीची साल, हिरडा, काथ आणि हिराकस कढईत घालून, उंबऱ्यावरच्या धुळीशी दर घटकेला पडताळून, सरकारचं सगळं कापड नगरच्या रंगात बुडवून काढलं.

हे आधी कळलं ते माझ्या कपाळाला. सकाळी मी अंगणातून विहिरीकडं निघालो आणि हवेत आपटलो. चाचपून बघितलं तर दोरीवर ओल्या कापडाची भिंत होती. डोळ्यांना पलीकडचं अंगण दिसत होतं आणि नाकाला हिराकसाचा वास येत होता.

लढाईच्या दिवसांत सरकारी मालाला हात लावणं म्हणजे थट्टा नव्हती. मी मास्तरांना म्हणालो की हा गुन्हा आहे, आत टाकतील. ते म्हणाले, "साहेबाच्याच पुस्तकात हाय ते केलंय. गुरुजी, तुमीच वाचून दाखवलं न्हाई का?" तुरुंगात ते जाणार होते आणि वाट मी दाखवली होती.

सदरे शिवून झाले आणि कपडे तपासायचा साहेब आला. लांबलचक, लालबुंद, तोंडावर तिळांची उधळण. त्यानं नमुन्याचा तुकडा सदऱ्यावर ठेवला आणि तो आणखी लाल झाला. दुभाष्या म्हणून मी मधे उभा. साहेबानं बरंच काही सांगितलं, ते थोडक्यात असं: हा खाकी नाही. माल बिघडवल्याबद्दल मास्तरांना पोलिसांच्या ताब्यात देणार, दुकानाचं नाव यादीतून काढणार, कारागिरांनी आपापल्या गावी जावं. चौदा मिशनींची चौदा चाकं जागच्या जागी थांबली. त्यांतला पोटल्या म्हणून एक कारागीर होता, नावाप्रमाणं गोल आणि घरात आठ तोंडं खाणारी. तो तर टेकलेल्या भिंतीवरूनच खाली घसरला.

मास्तर जागचे हलले नाहीत. "इचारा त्याला," ते मला म्हणाले, "खाकी म्हंजी काय?"

मी विचारलं. साहेब म्हणाला, नमुन्याचा जो रंग तो खाकी.

"मग पुस्तक आना."

मी वर पळालो. दोन शिपायांचं ओझं एकट्यानं छातीशी धरून खाली आलो. भीतीनं माणसाला बळ येतं ते असं. पान उघडून साहेबापुढं धरलं. त्यानं वाचलं. मास्तरांनी वाकून अंगणातली चिमूटभर धूळ उचलली, नमुन्यावर टाकली. डाळीवर मुंगळा बसावा तशी ती दिसली. मग तेवढीच सदऱ्यावर टाकली. साहेब वाकला, त्यानं चष्मा पुसला, बोट फिरवलं. धूळ बोटाला लागली, डोळ्याला काही लागली नाही.

पण साहेबही पक्का होता. म्हणाला, लढाई पुस्तकात होत नाही. मी हे मास्तरांना सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, मग लढाई होते तिथं चला. छावणीच्या पुढं डोंगराची उतरण आहे, पलटणी जिथं नेमबाजी शिकतात. साहेबानं आपले सहा शिपाई नमुन्याच्या कापडात बसवावेत, मी माझे सहा कारागीर ह्या सदऱ्यांत बसवतो. साहेबानं दुर्बीण लावून मोजावं. बारा मोजले तर मी स्वतःच्या पायांनी चौकीवर जातो.

येत्या रविवारी सकाळी, असं ठरलं. तोवर साहेबानं दारात पहारा बसवला. मास्तरांनी पहारेकऱ्याच्या पाटलोणीचं उसवलेलं पाठीमागचं शिवून दिलं आणि सहा माणसं निवडली. पाच कारागीर आणि सहावे स्वतः. पोटल्याला घेतलं तेव्हा मी हात जोडले. त्याला लपवायला डोंगर अपुरा पडला असता. मास्तर म्हणाले की शिपाई चालायला शिकतो, दर्जी बसायला. सूर्योदयापासून मांडी मोडायची नाही, सुई ओवताना श्वास रोखायचा, काज करताना पापणीसुद्धा हलवायची नाही, हे आमच्या लोकांनी जन्मभर केलंय. फक्त तेवढंच करायचंय.

रविवारी ऊन चढायला लागलं तेव्हा साहेब उतरणीच्या पायथ्याशी खुर्चीवर बसला. शेजारी मी, छत्री घेऊन. आम्ही पाठ फिरवली, शंभर आकडे मोजले, आणि वळलो.

साहेबानं दुर्बीण लावली. सहा शिपाई त्याला लगेच सापडले. एक पायाला मुंगी चावली म्हणून हलला, दुसरा नाक ओढत होता, आणि नाही हलले तेही त्या करड्या उतरणीवर पिवळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसत होते. सहा. साहेबानं पुन्हा मोजलं. सहा. तो उठला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. वाळलेलं गवत, मुरूम, दगड, दोन बोरीची झुडपं. तिसऱ्यांदा सहा.

मग त्यानं दुर्बीण खाली ठेवली आणि माझ्याकडं असं बघितलं की मला माझी शाळा, माझी आई आणि माझं न भरलेलं भाडं एकदम आठवलं. तो म्हणाला, तुझे दर्जी पळून गेले. आणि खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. आतून थोडं बरंही वाटलं. पळाले तर पळाले, तुरुंगातून वाचले. साहेबानं हुकूम केला, हाक मार.

मी घसा साफ केला आणि डोंगराच्या टोकाला पोचेल अशा बेतानं ओरडलो, "मास्तर!"

दहा पावलांवरचा दगड म्हणाला, "हळू बोला गुरुजी. काज करतोय."

मी पाहिलं. देवाशपथ, मी पाहतच होतो, त्याच जागी पाहत होतो, आणि तिथं दगड होता. मग दगडाला दाढी फुटली, दाढीवर टोपी आली, टोपीत सात सुया चमकल्या. मास्तर मांडी घालून बसले होते, मांडीवर सदऱ्याची बाही, हातात सुई. सगळा वेळ ते आमच्या पुढ्यात काम करत बसले होते. त्यांनी टाळी वाजवली तशी उतरण जागजागी उभी राहिली. एक झुडपाच्या पुढून उठला, मागून नव्हे. एक साहेबाच्या खुर्चीच्या डाव्या पायापासून हातभर अंतरावरून. आणि ज्या खडकावर मी मघापासून छत्री टेकवून उभा होतो तो कण्हत म्हणाला, "गुरुजी, आता काढा, गुडघ्यात गेली." तो पोटल्या होता.

साहेबानं डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं उकडलं असेल. पण त्यानं ती छातीशी धरली आणि तसाच उभा राहिला, प्रार्थनेला राहतात तसा. मीही चपला काढल्या. का काढल्या ते सांगता यायचं नाही.

खटला तिथंच मिटला. जी पलटण नगर सोडून कुठं जाणार नव्हती, त्याच डोंगरावर नेमबाजी शिकणार होती, तिला ते तीनशे सदरे गेले. साहेबानं कागदावर काय कारण लिहिलं ते मी बघितलं नाही. मास्तरांना मात्र बजावलं की पुन्हा सरकारी कापड कढईत घालायचं नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की पुढचा माल कुठं जाणार? ब्रह्मदेशात, असं साहेबानं सांगितलं. मग तिथली धूळ मागवून द्या, मास्तर म्हणाले. साहेब म्हणाला, तिथं धूळ नाही, नुसतं रान आणि पाऊस. तिकडं हिरवं कापड जातं. मास्तर हळहळले. धूळ नसलेल्या मुलखात माणसं मरायला पाठवायची, हे त्यांना फार क्रूर वाटलं.

त्या दिवसापासून साहेब अधूनमधून दुकानात येऊन बसू लागला. बोलायचं फारसं काही नसे. तो बाटल्या बघे, मास्तर त्याला बघत, आणि मी मधे बसून न बोललेल्याचं भाषांतर करी.

लढाई संपली. गोऱ्या पलटणी पेट्या भरायला लागल्या. एका दुपारी साहेब आला तो बगलेत तंबाखूचा डबा घेऊन. झाकण मेणानं बंद केलेलं. त्यानं आईला पत्र लिहून आपल्या घरामागच्या शेतातली माती मागवली होती. नऊ वर्षं तो घरी गेला नव्हता. आता निघायचं होतं आणि त्याला त्या मातीचा एक सदरा हवा होता. हे सांगताना त्याचे तीळ थोडे जवळजवळ आले.

मास्तरांनी पहिल्यांदाच साहेबाच्या हातून काही घेण्याआधी हात धुतले. झाकण काढलं. बोट घातलं. आणि चमकून माझ्याकडं बघितलं.

"गुरुजी, ओली हाय."

महिनाभर बोटीत, चार दिवस आगगाडीत, आणि ती माती अजून दमट होती. चिकट, काळसर, गवताच्या मुळ्यांनी गच्च धरलेली. मास्तरांनी तो गोळा तळहातावर घेऊन फुंकर मारली. कण हलला नाही. पुन्हा मारली. नाही. मग ते खाली बसले आणि त्यांनी मला विचारायला सांगितलं की तुमच्याकडची सगळी माती अशीच असते का, आणि वर्षाचे किती महिने? साहेब म्हणाला, अशीच, जवळजवळ बारा महिने. शेतात जाऊन आलं की ती बुटाला लागते, खरवडून काढावी लागते.

मास्तरांच्या तोंडावर जे आलं ते मी कुठल्या मुलाच्या तोंडावर कधी आणू शकलो नाही, इतकी वर्षं शिकवून. तीन वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या तळहातावर होतं. "त्यांची माती उडतच न्हाई, गुरुजी. ती पायाला धरते, अंगावर येऊन बसत न्हाई. त्यांच्या शब्दात घराच्या कपाटावरची धूळ असंल. अंगावर घालायची धूळ त्यांनी बघितलीच न्हवती. ती बघायला बिचाऱ्यांना इतक्या लांब यावं लागलं. मग शब्द कुठनं आननार?"

माझा जाडजूड कोश वरच्या खोलीत होता. तो मी नंतर शाळेला परत केला. त्यात मूळ दिलं होतं, कारण दिलं नव्हतं.

मास्तरांनी ती माती परातीत पसरून नगरच्या उन्हात ठेवली. पहिले दोन दिवस तिनं दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी तडे गेले. चौथ्या दिवशी वाऱ्याची झुळूक आली आणि परातीतून धुरासारखी एक रेघ वर उठली. मास्तर ओरडले नाहीत, हसले नाहीत. त्यांनी फक्त त्या रेघेला बोट लावून पडताळून घेतलं. इंग्लंडची धूळ जगात पहिल्यांदा उडाली ती आमच्या अंगणात, आणि तिचा साक्षीदार मी आहे.

सदरा झाला. साहेबानं तो अंगणातच घातला. रंग असा निघाला होता की नगरच्या भिंतीपुढं साहेब एखाद्या डागासारखा दिसायला लागला. रस्त्यावरची दोन कुत्री भुंकत आली. त्यानं ओशाळून स्वतःकडं बघितलं. मास्तरांनी त्याची कॉलर सारखी केली, खांद्यावरून हात फिरवला आणि मला सांगितलं, त्याला नीट समजावून सांगा:

"इथं उठून दिसतोय तेवढा दिसू द्या. घरी जाऊन त्या शेताच्या कडंला उभं ऱ्हायचं. आईला सांगा, नुसतं बघून सापडायचा न्हाई. हाक मारावी लागंल."

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं भाषांतर असावं, कारण साहेब भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ त्यानं गुंड्या मोजल्या. सदऱ्याला पाचच गुंड्या होत्या.

तो गेला आणि त्याच्या मागोमाग माझी बदली झाली. निघताना मास्तरांनी मला नगरच्या धुळीतला एक सदरा शिवून दिला. माप घेतलं नाही. म्हणाले, तुमच्या पावलांच्या आवाजावरून रोज घेत होतो.

दोन-तीन वर्षांनी, दशक संपता संपता, मी नगरला परत गेलो. तो सदरा घालून गेलो. स्टेशनवर हमालानं मला ओलांडून पलीकडच्या माणसाला विचारलं, सामान आहे का. मी मनात म्हणालो, वा मास्तर.

दुकानात सायकली भाड्यानं मिळत होत्या. भिंतीला फळी होती, बाटल्या नव्हत्या. पोटल्या शेजारीच स्वतःची एक मिशन टाकून बसला होता. त्यानं मला बसवलं, चहा मागवला. मग सांगितलं. एका सकाळी मास्तरांनी उंबऱ्यावर अंगठा घासला, पण वारं कुठलं ते सांगितलं नाही. सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या, आपला सदरा घातला आणि डोंगराकडं जाऊन येतो म्हणाले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. सगळे शोधायला गेले. चार दिवस उतरणीवर हिंडले, विहिरी बघितल्या, पोलीस झाले. काही सापडलं नाही. बाजारात कुणी म्हणतं हजला गेले, कुणी म्हणतं पाकिस्तानात, कुणी हात वर करून दाखवतं.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय गुरुजी," पोटल्या म्हणाला. "तुमी माझ्यावर छत्री टेकवून उभं व्हता, तरी मी दिसलो न्हवतो."

मी त्याच पावली डोंगराकडं गेलो. ऊन चढलं होतं. साहेबाची खुर्ची जिथं होती त्या जागी उभा राहिलो. वाळलेलं गवत, मुरूम, दगड, बोरीची झुडपं. मी दगड मोजायला लागलो आणि मग थांबलो. पुन्हा पहिल्यापासून मोजायची हिंमत झाली नाही. दहा पावलांवर एक दगड होता, जरा उंच, जरा बारीक. हाक मारावीशी वाटली. पण हळू बोलायला सांगितलेलं आठवत होतं, म्हणून त्या दिशेनं बघून साध्या आवाजात म्हणालो, "काज झालं की सांगा, मास्तर. मी आहे."

वाऱ्याची एक झुळूक आली. कुठल्या गावची ते मला कळलं नाही.

बराच वेळ बसलो. उठताना टेकवायला छत्री पुढं केली, तेवढ्यात आठवलं, आणि ती हातातच धरून खाली उतरलो. कुणाच्या तरी गुडघ्याला लागायची.